रडून झालं, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे?

या वेळचं पत्र नगर जिल्ह्यातून आलंय. ओळख पटेल असं काढून टाकून थोडक्यात देते.

"ताई, जय ख्रिस्त. माझं वय ५९, मंडळीत पंच आहे आणि बरीच वर्षं गावच्या विकास सोसायटीचा चेअरमन. माझ्या बांधाला लागून एका वहिनींची वीस गुंठे जमीन होती. मालक वारलेले, पदरात दोन मुली, जमीन आणि पीककर्ज दोन्ही वहिनींच्याच नावावर. तो तुकडा मला कधीपासून हवा होता, कारण माझी विहीर आणि रस्ता यांच्या मधोमध येतो. २०२० ला महात्मा फुले कर्जमाफीची यादी आली, त्यात त्यांचं नाव होतं, फक्त आधार प्रमाणीकरण बाकी होतं. मी त्यांना कळू दिलं नाही, पुढे लॉकडाऊन लागला. मग सोसायटीच्या लेटरहेडवर थकबाकीची नोटीस काढली, शिक्का मारला, आणि वहिनींना वाचता येत नाही म्हणून मीच त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवली, की आता जमिनीवर जप्ती येणार. जप्तीचा त्यात शब्दही नव्हता. त्यांनी निम्म्या भावात जमीन मला दिली आणि त्यातूनच कर्ज फेडलं. आता रस्ता मोठा झालाय, मुलगा तिथे गाळे बांधायचं म्हणतोय. या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, पाळकसाहेबांनी नाबोथाच्या मळ्यावर संदेश दिला आणि मी चर्चच्या पायऱ्यांवरच रडलो, घरी येऊन गुडघ्यावर पडून देवाची क्षमा मागितली. बायको म्हणते देवाने क्षमा केली ना, मग आता कशाला उकरून काढता. मला वाटतंय जमिनीच्या किमतीइतके पैसे मंडळीच्या नवीन हॉलला द्यावेत. वहिनी दर रविवारी आमच्या मागच्याच बाकावर बसतात. झोप लागत नाही. काय करू?"

दादा, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या ओट्यावरच्या वाक्याशी अडले. तुम्ही ते वाक्य लपवलं नाहीत, स्वतःच्या हाताने लिहिलंत, याचं मोल मला कळतंय. म्हणून मीही तुमच्याशी गोलगोल बोलणार नाही.

तुम्ही नाबोथाचा संदेश ऐकून रडलात ना, मग बायबलमधला तोच अध्याय परत उघडा, १ राजे २१, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचा. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना अहाबाची राणी ईजबेल हिच्यावर सगळा राग काढतात आणि अहाब कसा बिछान्यावर तोंड फिरवून जेवणाशिवाय पडला एवढं सांगून पुढे जातात. पण हा अहाब कोण होता ते बघा, इस्राएलचा राजा. अश्शूरच्या राजाचा एक कोरीव दगड आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलाय, त्यात इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत अहाबाकडे २००० रथ आणि १०,००० पायदळ होतं असं लिहिलंय. बायबलमध्ये त्याच्या हस्तिदंती महालाचा उल्लेख आहे. आणि एवढ्या माणसाला पाहिजे काय तर शेजारच्या नाबोथाचा द्राक्षमळा, तो पण कशाला, तर भाजीपाला लावायला! लोभाचं हे असंच असतं, त्याला किती आहे याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला फक्त बांधापलीकडचं दिसतं. तुमचीही विहीर होती, जमीन होती, मधला तुकडा तेवढा डोळ्यात सलत होता.

आणि नाबोथाने राजाला उत्तर काय दिलं, की माझ्या वाडवडिलांचं वतन मी तुम्हाला द्यावं असं परमेश्वर माझ्याकडून न घडवो. वतन हा शब्द आपल्या मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. त्या इस्राएली लोकांत तर जमीन देवाची आणि आपण तिथले पाहुणे, असा नियमच होता, लेवीय २५ मध्ये लिहिलेला, की जमीन कायमची विकायची नाही. त्यामुळे राजा असला तरी त्याला 'नाही' ऐकावं लागत होतं. अहाबाला ते सहन झालं नाही.

आता ईजबेलीने नेमकं काय केलं ते हळू वाचा, कारण मला वाटतं तुम्ही रडलात ते इथेच. तिने तलवार नाही काढली. तिने पत्रं लिहिली, अहाबाच्या नावाने, आणि त्यावर अहाबाचीच मोहर मारली. गावच्या वडीलधाऱ्यांना कळवलं की उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे बसवा, समोर दोन अधम माणसं बसवा, त्यांनी साक्ष द्यायची की याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. म्हणजे कागद होता, शिक्का होता, साक्षीदार होते, वर उपासाचं पवित्र वातावरण पण होतं. सगळं रीतसर. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करून मारलं तेव्हा बघणाऱ्याला वाटलं असेल की कायद्याप्रमाणेच झालं. पुढे २ राजे ९ मध्ये तर त्याच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो, म्हणजे वारस पण ठेवले नाहीत.

आणि अहाब? त्याने काहीच विचारलं नाही. स्वतःची मोहर बायकोच्या हातात गेली, नाबोथ मेला असं कानावर आलं, हा उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. एलीया संदेष्टा तिथे मळ्यातच त्याला गाठतो आणि विचारतो, खून केलास आणि वतनही बळकावलंस काय?

दादा, तुमच्या हातून रक्त सांडलेलं नाही आणि मी तुम्हाला खुनी म्हणत नाही. पण सोसायटीचा शिक्का तुम्हाला गावाने विश्वासाने दिलेला होता, शेतकऱ्याला कर्ज मिळावं, माफी मिळावी, त्याचं काम अडू नये म्हणून. तो तुम्ही स्वतःच्या बांधासाठी वापरलात, आणि ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही तिला कागदात नसलेलं वाचून दाखवलंत. तिने तुमचं ऐकलं कारण तुम्ही चेअरमन, तुम्ही पंच, तुम्ही शेजारी. तीन-तीन विश्वास एकाच वेळी मोडलेत. जमीन स्वस्तात घेतली हा गुन्हा मला त्याच्यापुढे लहान वाटतो.

आता मुख्य मुद्दा. अहाब पण रडला होता. एलीयाचं ऐकून त्याने कपडे फाडले, अंगावर गोणपाट घातलं, उपास केला, गोणपाटावर झोपला, मंद मंद चालायला लागला. आणि देवाने ते बघितलं, देव एलीयाला म्हणतो की अहाब माझ्यापुढे कसा नम्र झालाय ते पाहिलंस का, त्याच्या हयातीत मी अरिष्ट आणणार नाही. इतका वाईट राजा, पण त्याचं रडणं देवाने फुकट जाऊ दिलं नाही. म्हणून तुमचं पायऱ्यांवरचं रडणं खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण संपूर्ण अध्याय वाचला तरी एक ओळ सापडत नाही. मळा परत दिला, ही ओळ. पुढे अहाब लढाईत मरतो, त्याच्यामागे अहज्या गादीवर येतो, मग योराम येतो, आणि सेनापती येहू बंड करून योरामाला मारतो तेव्हा ते प्रेत कुठे टाकायला सांगतो, तर इज्रेलकर नाबोथाच्या शेतात. इतकी वर्षं झाली, दोन राजे बदलले, तरी त्या जमिनीला सगळे नाबोथाचीच म्हणत होते! तुमच्या गावात पण लोक अजून 'वहिनीचा तुकडा' असंच म्हणत असतील, विचारून बघा. हे मी तुमच्या मुलाबद्दल भीती घालायला नाही सांगत, यहेज्केल १८ मध्ये स्पष्ट आहे की बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही. पण मुलाला त्या जागेवर गाळे बांधू दिलेत तर त्याच्या हातात तुम्ही काय देताय एवढं बघा, कारण त्याला बिचाऱ्याला बहुतेक माहितीच नाही.

आपला पश्चात्ताप हा शब्द आहे ना, त्यात ताप आहे, मागाहून होणारा ताप, आणि म्हणून आपल्याला वाटतं की पोळलं, डोळ्यातून पाणी आलं की झालं. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत यासाठी जो शब्द येतो, शूव, त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, माणूस वाट चुकला की फिरून येतो तसं. त्यात पाय हलावे लागतात. तुम्हाला ताप झालाय दादा, पाय अजून हलायचे आहेत.

नव्या करारातल्या जक्कयाचे हलले. आम्हाला शब्बाथशाळेत तो उंबरावर चढला एवढंच शिकवायचे, बुटका माणूस, गर्दी, वर झाड, मुलांना गंमत वाटते. पण तो यरीहोतला मुख्य जकातदार होता, लोकांना पिळून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला, लोक कुरकुरले, आणि जक्कय उभा राहून म्हणाला की माझं अर्धं द्रव्य मी गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने काही घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूने त्याच्याकडे मागितलं नव्हतं हं. मी एकदा बसून हिशोब केला. अर्धं आधीच गेलं, उरलेल्या अर्ध्यातून चौपट द्यायचं, म्हणजे मूळ संपत्तीतला फक्त आठवा हिस्सा जरी फसवणुकीचा निघाला तरी सगळं संपलं, हातात काही उरत नाही. आणि पिळून श्रीमंत झालेल्या जकातदाराचा आठवा हिस्साच असेल का? येशूने "आज या घराला तारण प्राप्त झालं आहे" म्हटलं ते हे सगळं ऐकल्यावर.

आता हॉलचं बोलू, कारण इथे मला तुमची सगळ्यात जास्त काळजी वाटली. पैसे मंडळीला देऊ नका. लेवीय ६ काढून बघा, जुलमाने किंवा फसवून घेतलं असेल तर मूळ वस्तू आणि वर पाचवा हिस्सा मालकाला द्यायचा, त्याच दिवशी, आणि मग याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, अर्पणाचा मेंढा न्यायचा. गणना ५ मध्ये तर असं आहे की ज्याचं घेतलं तो नसेल आणि त्याचं जवळचं कुणी नसेल तरच ते याजकाकडे जातं. तुमच्या वहिनी जिवंत आहेत, मागच्या बाकावर बसतात, दोन मुली आहेत. आणि प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात काय सांगितलं, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर. वहिनींच्या जमिनीच्या किमतीवर हॉल उभा राहिला, त्यावर देणगीदार म्हणून तुमचं नाव लागलं, आणि वहिनी त्याच हॉलमध्ये चटईवर बसल्या, डोळ्यापुढे आणून बघा. मला नाही बघवत.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. माझ्या वडिलांचं गावात रेशनचं दुकान होतं. रॉकेलच्या लिटरच्या मापाला खालून पोचा पाडलेला होता, बाहेरून दिसायचा नाही, पण दर मापाला घोटभर रॉकेल वाचायचं. मी लहान होते, मला ते माप नेहमीसारखंच वाटायचं. एका वर्षी उपवासप्रार्थनेहून ते आले आणि दोन दिवस बोललेच नाहीत. मग त्यांनी वहीत घरांची नावं लिहिली आणि स्वतःच्या पैशाने रॉकेल घेऊन संध्याकाळी घरोघर जायला लागले, मी नरसाळं धरून मागे मागे. प्रत्येक दारात तेच वाक्य, मी तुम्हाला मापात मारलंय, हे तुमचं आहे. कुणी हसलं, कुणी रडलं, कुणी चहा पाजला. एका म्हाताऱ्या बाबांनी ते माप मागून घेतलं, आत बोट घालून पोचा चाचपला, बराच वेळ चाचपला, आणि म्हणाले, "ठेव डबा तिथं आणि जा." परत ते वडिलांशी कधी बोलले नाहीत. वडील मात्र त्यांच्याबद्दल शेवटपर्यंत एक वाकडा शब्द बोलले नाहीत, म्हणायचे क्षमा करणं त्यांच्या हातात आहे, माझ्या हातात डबा नेऊन ठेवणं होतं. माझ्या हाताला त्या रॉकेलचा वास कितीतरी दिवस होता.

म्हणून तुम्हालाही सांगते, वहिनी क्षमा करतील या आशेने जाऊ नका. ती अट मनात धरून गेलात तर तो पण एक सौदाच होतो.

आधी घरात बोला. बायकोला आणि मुलाला बसवून सगळं सांगा, यादीपासून ओट्यापर्यंत, आणि गाळ्यांचं काम आजच थांबवा. बायको चिडेल, मुलगा बहुतेक जास्त चिडेल, सहन करा. मग स्वतःसाठी एक वकील बघा आणि सगळं खरं सांगा, कारण शिक्क्याचा गैरवापर झालाय, त्यातून तक्रार होऊ शकते, चौकशी होऊ शकते. ती टाळायची कशी हे विचारायला नाही, वकिलाकडे जायचं ते जमीन परत त्यांच्या नावावर कशी होईल हे विचारायला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, फेरफाराची धावपळ, सगळा खर्च तुमचा. वहिनींनी त्यांच्या पसंतीचा वेगळा वकील घ्यावा आणि त्याची फी तुम्ही द्या, तुमच्या ओळखीचा माणूस त्यांच्या गळ्यात घालू नका.

तुम्ही दिलेले पैसे त्यांच्याकडून परत मागायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. त्यातला मोठा भाग त्या कर्जात गेला जे त्यांना फेडायची गरजच नव्हती, आणि इतक्या वर्षांचं पीक तुम्ही खाल्लंय. पाचव्या हिश्श्याचा नियम धरा नाहीतर जक्कयाचा चौपटीचा धरा, पण हिशोब तुमच्या बाजूने वळवू नका. जमीन आता महाग झाली म्हणून जीव तुटेल, मला माहितीये, गळ्याशी येईल ते. तरी द्या.

आणि आणखी एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही पण मला विचारायलाच पाहिजे. त्या यादीत अजून कुणाकुणाची नावं होती? त्या सगळ्यांना कळलं होतं का? चेअरमनच्या खुर्चीवर बसून तुम्ही हे शोधू नये, आधी राजीनामा द्या आणि दप्तर सचिवांकडून दुसऱ्या कुणाला तरी तपासू द्या. पंचपदही सोडा, निदान सगळं मिटेपर्यंत. शमुवेल संदेष्टा म्हातारा झाल्यावर लोकांपुढे उभा राहिला होता, कुणाचा बैल मी घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणावर जुलूम केला, सांगा, मी भरून देतो. त्याला लोक म्हणाले, तुम्ही काहीच घेतलं नाहीत. तुम्हाला तसं कुणी म्हणणार नाही, पण तुम्ही विचारू तर शकता.

पाळकसाहेबांना सगळं सांगा, म्हणजे सगळं, संदेश आवडला इतकंच नाही. झोप अशीच उडाली, जीव नकोसा वाटायला लागला तर डॉक्टरकडे जा, त्यात कमीपणा नाही. दावीद राजाने बथशेबा घेतली, तिच्या नवऱ्याला, उरीयाला मारवलं, आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर तो "मी पाप केलंय" म्हणाला, पण ते ऐकायला नाथान समोर होता, तो एकटा नव्हता. तुम्ही पण एकटे राहू नका.

वहिनींकडे जाल तेव्हा रात्री जाऊ नका, दिवसा जा, आणि आधी निरोप पाठवा की थोरल्या मुलीला किंवा त्यांच्या भावाला बोलावून घ्या. दोन-चार पंच घेऊन जाऊ नका, गर्दी बघून बाई परत दबून जाईल. पाळकसाहेबांना वहिनींनी बोलावलं तरच न्या. बसल्यावर पहिलं वाक्य क्षमा मागायचं नको. पहिलं वाक्य असं की २०२० ला यादीत तुमचं नाव होतं आणि मी सांगितलं नाही, नोटिशीत जप्तीचं काही नव्हतं आणि मी खोटं वाचलं. त्यात 'पण' नको, 'त्या वेळी परिस्थिती अशी होती' नको. मग गप्प बसा. त्या ओरडल्या, रडल्या, उठून आत गेल्या तरी गप्प बसा. त्या दिवशी त्यांच्याकडून कुठल्याही कागदावर सही-अंगठा घेऊ नका, आणि "हे गावात बोलू नका" असं चुकूनही म्हणू नका, ते बोलायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

नोटिशीची कॉपी सोसायटीच्या फाइलमध्ये असेल, ती बरोबर न्या. आणि ती तुम्ही वाचू नका दादा, वहिनींच्या मुलीच्या हातात द्या, ती मोठ्याने वाचेल.